मयेकरबाईंची आगोट

गेल्या महिन्यात संग्रहालयात नव्याने लागलेली मुलगी माझ्या दुकानात आली. दोन्ही हातांवर आडवं धरलेलं एक चित्र, वर सुती कापड, आणि चाल अशी की हातात काठोकाठ भरलेली ताकाची वाटी असावी. तिची ती धरण्याची पद्धत बघूनच मला बरं वाटलं. चित्र काउंटरवर ठेवून तिनं कापड बाजूला केलं आणि विचारलं, "काका, याचं नाव 'तांबडा सदरा'. मग सदरा गुलाबी कसा?"

मी चष्मा काढून पुसला. पुसायची काही गरज नव्हती.

"उन्हानं," मी म्हटलं.

"ऊन? मयेकरबाईंच्या राज्यात?"

या मुलीनं मयेकरबाईंना पाहिलेलंही नाही. ती इथे आली त्याच्या आधीच बाई गेल्या. तरी तिचा माझ्यावर विश्वास बसेना. उलट, या म्हाताऱ्या फ्रेमवाल्यानंच काहीतरी घोळ घातला असणार आणि आता तो दुसऱ्यावर ढकलतोय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. गिऱ्हाइकांच्या गडबडीत तिला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण समाधान माझंच झालं नाही. बाईंची गोष्ट उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही.

आमच्या मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला एक जुनी चिऱ्यांची वखार आहे. पूर्वी तिथे खोबरं आणि काथ्या भरून ठेवत. आमच्या शाळेचे ड्रॉइंगमास्तर वारले तेव्हा त्यांच्या मागे कोणी नव्हतं, होती ती ट्रंका भरून चित्रं. गावातल्या प्रतिष्ठितांनी ट्रस्ट केला, वखार ताब्यात घेतली आणि 'कलासंग्रहालय' म्हणून पाटी लावली. मग कोणी घरातली जुनी चित्रकथीची चित्रं आणून दिली, कोणी दशावतारातले लाकडी मुखवटे, कोणी सावंतवाडीची रंगीत खेळणी. सगळं खिळे ठोकून भिंतीवर लागलं. वर भगभगीत ट्यूबलाइट, मास्तरांच्या फोटोपुढे उदबत्ती, कोपऱ्यात पाण्याचा माठ. थोड्याच वर्षांत मुखवट्यांना भुंगा लागला आणि चित्रांवर बुरशीचे ठिपके उठले. तेव्हा कोणीतरी मयेकरबाईंचं नाव काढलं.

बाई मूळच्या मालवणच्याच. लग्न केलं नाही. मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयात चित्रांच्या दुरुस्तीच्या विभागात त्यांनी उभी हयात काढली होती आणि निवृत्त होऊन नुकत्याच गावी आल्या होत्या. ट्रस्टचे अध्यक्ष आबा त्यांना घेऊन वखारीत गेले. बाई दारात उभ्या राहिल्या, आत पाऊल टाकलं नाही, नुसता दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, "उजव्या हाताच्या कोपऱ्यात वरून गळतंय. आणि माठाखाली वाळवी आहे." दोन्ही खरं निघालं. बाई डोळ्यांआधी नाकानं बघत. सरळ माणसाला आपण नाकासमोर चालणारा म्हणतो. बाईंच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं, नाक पुढे आणि बाई मागे.

त्या नाकाचा प्रसाद मलाही लवकरच मिळाला. माझं दुकान बाजारपेठेत, वडिलांच्या वेळेपासूनचं. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, मुंबईत वारलेल्या काका-मामांचे हार घालायचे फोटो, हे आमचं काम. एक दिवस बाई आल्या, काखेत लाकडी मुठीची काळी पुरुषी छत्री. फ्रेमच्या मागे लावायचा प्लाय उचलून त्यांनी हुंगला.

"हा कसला वास?"

"नव्या प्लायचा, बाई."

"प्लायचा नव्हे, त्यातल्या गोंदाचा. हा वास जातो कुठे, माहीत आहे?"

"वाऱ्यावर."

"चित्रात जातो. कागद पिवळा पडतो तो ह्यानं. उद्यापासून माझ्या चित्रांमागे प्लाय लागणार नाही."

मी जरा चिडलोच. म्हटलं, "बाई, बापाच्या काळापासून लावतोय. एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं नाही."

"गणपतीच्या फोटोतला गणपती कुठे येणार तक्रार करायला?" बाई म्हणाल्या आणि छत्रीच्या टोकानं माझ्या भिंतीवरचे सगळे देव दाखवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र स्वतः शिकवायला आल्या. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, नाहीतर ओलीनं कागद काचेला चिकटतो. "काचेचा आणि चित्राचा शेजार असावा, सुहास, घसट नको." माझ्या बायकोनं हे वाक्य उचललं आणि समोरच्या दुकानदाराच्या बाबतीत मला अजून ऐकवते.

बाजारात बाईंना 'काळोखाबाई' हे नाव पडायला फार दिवस लागले नाहीत. त्यांनी ट्यूबलाइट काढल्या, खिडक्यांना जाड खादीचे पडदे लावले, पाण्याच्या रंगांची चित्रं कपाटाच्या खणांत आडवी ठेवली आणि पाळीपाळीनं थोडे थोडे दिवस बाहेर काढायची पद्धत पाडली. उजेड हा त्यांच्या लेखी पाहुणा होता, घरचा माणूस नव्हे. चित्रांच्या दालनात जाण्याआधी एक अंधारी पडवी होती. तिथे त्यांनी एक बाक ठेवला. येणाऱ्या प्रत्येकानं त्यावर थोडा वेळ गप्प बसायचं. डोळे निवले की आतल्या मंद दिव्यातही सगळं दिसू लागतं, हे त्यामागचं साधं शास्त्र. पण मालवणच्या माणसाला गप्प बसवणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

एकदा एक मोठे पुढारी आले होते. आबांनी हार, नारळ, समई, सगळा जामानिमा केलेला. बाईंनी तो दारातच अडवला. हारात मुंग्या येतात, समईचा धूर येतो, नारळ पायरीवर फोडा. पुढाऱ्यांना आत घेतलं आणि बाकावर बसवलं. "डोळे निवू देत," म्हणाल्या. आबांना घाम फुटला. पुढारी बसले. त्यांचा माणूस फोन द्यायला गेला तर बाईंनी छत्री आडवी धरली. पडवीत एवढी शांतता की कौलांवरचा कावळा ऐकू यावा. हे गृहस्थ आता उठून चालू लागणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. पण पुढाऱ्यांनी पाय लांब केले, मान भिंतीला टेकली आणि म्हणाले, "बाई, चित्रं नंतर बघतो. आणखी जरा बसू का?" त्यांना झोपच लागली म्हणा ना. आबा पुढे कित्येक महिने ही गोष्ट आपणच बाक ठेवल्याच्या थाटात सांगत होते.

आबांचं आणि बाईंचं एरवी सख्य असं नव्हतंच. आबा काजूचे व्यापारी, किनाऱ्यावर त्यांचं हॉटेल. माणूस दिलदार, पण त्यांना प्रत्येक गोष्ट पर्यटकांना दिसायला हवी असे. समुद्राच्या बाजूची भिंत पाडून तिथे काच लावायची, थंडगार एसी बसवायचा आणि मध्यभागी मास्तरांचं सगळ्यात सुंदर चित्र, हा त्यांचा बेत. ते सुंदर चित्र म्हणजे 'तांबडा सदरा'. बाई म्हणायच्या, "आबा, वीज गेली की तुमचा एसी बंद. मग भिंतींना पाणी सुटणार. हा चिरा तीन वीत जाड आहे, तो उन्हाळ्यात तापत नाही नि पावसात एकदम गारठत नाही. चित्राला थंड नको, गरम नको, रोजचं सारखं हवं. आजाऱ्याला लागतं तसं." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "चित्राला औषध नसतं, पथ्य असतं. मुंबईत मी जन्मभर औषधं केली. प्रत्येक औषधानं चित्राचं थोडं काहीतरी गेलंच."

हे पथ्य वैशाखात बघावं. आमच्याकडे वैशाखात घराघरात आगोट चालते. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. समुद्र बंद होणार, ओली मासळी मिळणार नाही, म्हणून खारे बांगडे, सुकट, सोलं, कुळीथ, तांदूळ, सरपण, सगळं कोरडं करून भरून ठेवायचं. बाजारात त्या दिवसांत सुक्या मासळीच्या वासानं नवख्या माणसाला चालवत नाही. बाईंची आगोट वखारीत चाले. कौलं शाकारून घ्यायची, पन्हळी साफ करायच्या, कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढायची, खणांत वेखंडाच्या पुरचुंड्या. त्यांच्याजवळ काचेसारखे निळे दाणे होते. ते हवेतली ओल पितात आणि प्यायले की गुलाबी पडतात. तव्यावर भाजले की परत निळे होतात. बाई परसात चूल मांडून ते दाणे भाजत बसायच्या, शेंगदाणे भाजतात तसे, आणि जवळ कोणी फिरकलं की ओरडायच्या, "खावचे न्हय हां ते!" मग ते दाणे छोट्या पिशव्यांत भरून कपाटात. "माझी सुकट भरली," असं म्हणून हात झटकत. एरवी ऑफिसातलं शुद्ध मराठी बोलणाऱ्या बाई आगोटीच्या दिवसांत पुऱ्या मालवणी होऊन जात.

मी एकदा विचारलं, "बाई, एवढं सगळं कुणासाठी? बघायला येतात किती?"

"येतात त्यांची नव्हेतच ही चित्रं," बाई म्हणाल्या. "जी पोरं अजून पाळण्यात यायची आहेत, त्यांची. आपण नुसती राखण करायची."

हे त्यांनी एवढ्या सहज सांगितलं की मला त्यात काही मोठं वाटलं नाही. मोठं आहे ते जानकीकाकीमुळे कळलं.

आता त्या चित्राबद्दल सांगायला हवं. मास्तर तरुणपणी तोंडवलीच्या किनाऱ्यावर चित्रं काढत फिरायचे. तिथे एक जवान खलाशी आपल्या होडीला तेल लावत होता. अंगात तांबडाभडक सदरा. कोणीतरी हाक मारली म्हणून त्यानं मान वळवली, आणि तेवढंच मास्तरांनी पकडलं. वळलेली मान, अर्धवट हसू, मागे पांढरी वाळू. सगळं चित्र फिक्या रंगांत आणि मध्ये तो सदरा पेटल्यासारखा. हाक मारणारी त्याची नवी बायको होती आणि सदरा तिनं जत्रेत हट्टानं घेऊन दिलेला. त्याच हंगामात तो समुद्रावर गेला आणि परत आला नाही. होडी आली नाही, माणूस आला नाही. तेव्हा तोंडवलीत फोटो कोण काढत होतं? त्याचं जे काही रूप या जगात उरलं, ते या एका कागदावर.

ती बायको म्हणजे जानकीकाकी. दर नारळीपौर्णिमेला तोंडवलीहून एसटीनं यायची. बंदरावर समुद्राला नारळ द्यायची आणि मग वखारीत येऊन आपल्या माणसाला भेटायची. मुलं नव्हती. घर दिराच्या मुलाचं. पोटापुरती शेती, उरलेल्या वेळात सुकी मासळी विकणं. अंगानं बारीक, पण आवाज असा की बंदरावरून हाक मारली तर बाजारात ऐकू यावी. नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे, 'घरकार' म्हणायची, नाहीतर नुसतं 'तो'.

बाई वर्षभर हे चित्र खणात ठेवत. मास्तर गरीब, त्यांनी स्वस्तातले रंग वापरलेले. त्यातला तांबडा तर अगदी कच्चा. बाई त्याला 'पळपुटा तांबडा' म्हणत. पुठ्ठ्याच्या चौकटीखाली चित्राची जी कड झाकलेली राहिली होती, तिथे रंगाची एक बारीक पट्टी अगदी ताजी होती. दर वर्षी बाई आणि मी चौकट उचलून ती पट्टी सदऱ्याशी ताडून बघायचो. फरक दिसला नाही की बाई समाधानानं हुंकार देत. मग नारळीपौर्णिमेला चित्र मंद दिव्याखाली मांडायचं, काकीनं बाकावर बसून डोळे निववायचे आणि आत जाऊन घरकाराशी चार शब्द बोलायचे. बाई तेव्हा बाहेर थांबत. आत काय बोलणं होई ते कुणाला ठाऊक नाही. आम्ही विचारलंही नाही.

एका वर्षी काकी आली तेव्हा चौकट बदलायची म्हणून चित्र फ्रेमबाहेर होतं. श्रावणातलं ऊन पडलेलं. बाईंना दारात कोणीतरी बोलावलं आणि मी मापं घेऊन पडवीत पट्ट्या कापत बसलो. आम्ही दोघं आत आलो तर काकी नाही, चित्रही नाही. मागच्या ओट्यावर जाऊन बघतो तर काकीनं आपला टॉवेल उन्हात अंथरला होता, त्यावर चित्र ठेवलं होतं आणि शेजारी उकिडवी बसून ती हातातल्या पिशवीनं कावळे हाकत होती.

आता होणार तमाशा, म्हणून मी भिंतीला लागून उभा राहिलो. ज्या बाईंनी पुढाऱ्याचा फोन अडवला, त्यांच्या चित्राला कोणी ऊन दाखवतंय! बाईंनी काखेतली छत्री उघडली, काकीच्या शेजारी खाली बसल्या आणि छत्री चित्रावर धरली.

"काय करतंस गो काकी?"

"ऊन दाखवतंय. ओलेचो वास येय होतो तेका. पावसाभर खणात पडलोलो, कुबट नाय जावचो?"

"बरा केलंस. पण आता पुरे हां. नायतर करपतलो."

"व्हय, व्हय," काकी म्हणाली आणि तिनंच चित्र उचलून बाईंच्या हातात दिलं.

मागाहून मी म्हटलं, "बाई, तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? पावसातून आलेली गोधडी, पापड, मासळी, ज्याच्यावर जीव आहे त्याला आपल्याकडे ऊन दाखवतात. तिनं त्याला घरच्यासारखं वागवलं." मग छत्री काखेत मारत म्हणाल्या, "मी इतकी वर्षं त्याला पाहुण्यासारखं वागवतेय."

तरी त्या वर्षीही पट्टी ताडून बघितलीच. आणि पुढच्या वर्षीपासून काकीला आत सोडताना चित्र टेबलाला दोरीनं बांधून ठेवू लागल्या. बाई त्या बाईच.

वर्षं गेली. काकीच्या डोळ्यांवर पडदा आला. एक ऑपरेशन झालं, पण नजर काही नीट परतली नाही. बाकावर तिचा बसण्याचा वेळ वाढत गेला. बाईंनी मग दिवा जरा पुढे घेतला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. एका नारळीपौर्णिमेला काकी दिराच्या नातवाचा हात धरून आली. त्याला बाहेर बसवलं. बाई आणि मी तिला आत घेऊन गेलो. टेबलापाशी ती बराच वेळ वाकून उभी राहिली.

"खंय आसा तो?"

"समोर आसा गो. ह्यो बघ."

"माका काय दिसणा नाय. काचेत माझाच तोंड दिसता, ता पण पुसट."

बाईंनी दिवा सरकवला. काकीनं मान हलवली. बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मोठो दिवो आणतंय. तेचो उजेड पण गार असता, चित्राक बाधत नाय."

"पुढच्या वर्षाक मी नसलंय तर कोणाक दाखवशीत?" काकी म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट एवढ्या हळू मी तिला बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तू माका सांगलं व्हतंस, ही चित्रा जल्माक येवच्या पोरांची. तेंका तू दाखवतलंस. बरा आसा. मगे माका कधी?"

बाईंनी दिव्यावरचा हात काढून घेतला.

"आगोट कित्याक करतत गो बाय? पावसात खावक ना? मडकी भरून ठेवलंस नि माणूस उपाशी गेला, तर ती आगोट कसली?"

मी बाईंकडे बघत होतो. आयुष्यभर ज्या गोष्टीवर उभा राहिला, तिच्यावरून पाय उचलताना माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती. काकीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, बाईंच्या होतं. मला वाटलं, नाही म्हणणार. म्हटलं असतं तरी त्यांचं चुकलं नसतं. तो सदरा एकदा उडाला की तो जगातल्या कुठल्याही औषधानं परत येणार नव्हता, आणि हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

"सुहास," बाई म्हणाल्या, "काच काढ."

"बाई..."

"काच काढ म्हटलं ना."

मी मागचे खिळे उपसले. चित्र मोकळं करून बाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते मागच्या ओट्यावर नेलं. ऊन स्वच्छ पडलं होतं. काकीनं तिथे आपला टॉवेल अंथरला, बाईंनी त्यावर चित्र ठेवलं आणि सवयीनं छत्री उघडली. क्षणभर ती तशीच चित्रावर धरली. मग मिटली आणि खांबाला टेकवून ठेवली.

काकी गुडघ्यांवर बसली, जवळ जवळ चित्रावर ओणवी. एक डोळा मिटला, दुसरा बारीक केला. बंदरावर नारळ देणाऱ्यांचा गलका ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "सदरो तांबडोच आसा."

"आसा ना," बाई म्हणाल्या.

"माका वाटला व्हता, इतक्या वर्षांत फिको पडलो असतलो."

"नाय पडूक दिलंय," बाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून डोळे पुसले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या कामाबद्दल काही सांगितलं असेल, तर ते हे.

संध्याकाळी बाई स्वतः आबांच्या पेढीवर गेल्या. मी बरोबर होतो. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "आबा, 'तांबडा सदरा' आज मी उन्हात ठेवला. रंग थोडा उडालाय. आणि काकी येईल तेव्हा तेव्हा पुन्हा ठेवणार आहे. विश्वस्तांना काय सांगायचं ते सांगा."

आबांची इतक्या वर्षांची काचेची भिंत बाईंनी अडवली होती. टोमणा मारायची यापेक्षा बरी संधी त्यांना मिळाली नसती. त्यांनी काजूच्या पोत्यावरचा हात झटकला.

"म्हातारेक दिसला काय?" त्यांनी विचारलं.

"दिसला."

"मगे झाला तर," आबा म्हणाले आणि चहा मागवला.

त्यानंतर काकी आणखी तीन श्रावण आली. तिन्ही वेळा ओट्यावर. दर वर्षी मी चौकट उचलून पट्टी ताडायचो, आणि दर वर्षी सदरा पट्टीपासून थोडा लांब गेलेला असायचा. बाई बघत आणि मान हलवून चौकट बंद करायला सांगत. बाकी चित्रांचं पथ्य मात्र तसूभर ढळलं नाही. उलट त्या अधिकच कडक झाल्या. त्यातल्याच एका वर्षी त्यांनी माझ्या नव्या पुठ्ठ्याला हुंगून अख्खी गठडी परत पाठवली.

तिसऱ्या श्रावणानंतरच्या उन्हाळ्यात काकी गेली. बाईंचे गुडघे थकले, त्या वैभववाडीला भावाकडे राहायला गेल्या आणि गेल्या वर्षी तिथेच वारल्या. मी एकदा भेटायला गेलो होतो. भावाच्या घरात पंख्याखाली बसून त्या नातवंडांना पत्ते कसे धरावेत ते शिकवत होत्या, कडेला धरा, मध्ये बोट लावू नका. पण बाई म्हटल्या की मला ते घर आठवत नाही.

आठवतो तो काकीचा शेवटचा फेरा. ऊन चांगलं तापलेलं. काकीनं बघून घेतलं, दोन शब्द बोलून घेतले आणि बोलता बोलता खांबाला टेकून तिचा डोळा लागला. तोंड अर्धं उघडं, एक हात चित्राच्या कडेशी. मी दारातून हळूच विचारलं, "बाई, आत नेऊ आता?" बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. त्या काकीशेजारी मांडी घालून बसल्या होत्या, मिटलेली छत्री मांडीवर आडवी. सदऱ्यावर सरळ ऊन पडलं होतं, आणि त्या ते बघत होत्या. एवढ्यात ओट्याच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला, मान वाकडी करून चित्राकडे बघू लागला. बाईंनी छत्री उचलली आणि काकी जागी होणार नाही एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "हाड रे!"